गेटपासून ग्रंथालयापर्यंत

आमच्या विद्यापीठाच्या मुख्य गेटपासून ग्रंथालय 340 मीटरवर आहे. पायी पाच मिनिटं. भूगोल विभागात शिकवायला लागल्यापासून अकरा वर्षं मी हे अंतर रोज कापत होते, आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. जुलै 2023 मध्ये एम.ए.ला आलेल्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या एका विद्यार्थिनीबरोबर मी तेच अंतर गेले. आम्हाला सव्वीस मिनिटं लागली, आणि तरी आम्ही आत पोचलो नाही. रॅम्पच्या तोंडाशी गटारावर लोखंडी जाळी होती. तिच्या पट्ट्या नेमक्या खुर्ची जाते त्याच दिशेने बसवलेल्या. पुढचं छोटं चाक दोन पट्ट्यांच्या मध्ये उतरलं आणि पोरगी पुढे झुकली. मी खांदा धरला म्हणून पडली नाही. परत येताना ती म्हणाली, "मॅडम, पुस्तकं मी मैत्रिणीकडून मागवत जाईन." ते वाक्य मला आजही टोचतं, कारण ती रागावलेली नव्हती. तिने हिशोब मांडला होता.

दुसऱ्या दिवशी सर्वेक्षणाच्या प्रात्यक्षिकाला मी मुलांना टेकडीवर नेलंच नाही. डम्पी लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण), स्टाफ म्हणजे आकडे असलेली उभी पट्टी, आणि टेप घेऊन आम्ही गेटवर उभे राहिलो. ग्रंथालयाच्या चार पायऱ्या, एकूण उंची 60 सेंटिमीटर. रॅम्पची लांबी अडीच मीटर. म्हणजे चढ जवळपास 1:4. मान्य चढ 1:12 आहे, त्या हिशोबाने 60 सेंटिमीटर चढायला 7.2 मीटर लांबी हवी. वर रॅम्पला गुळगुळीत ग्रॅनाइट. हा रॅम्प नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, मागच्या भेटीआधी तीन दिवसांत झाला होता. फोटोत तो छानच दिसतो.

तुम्ही असं मोजमाप करणार असाल तर टेप फोटोत दिसू द्या. नुसत्या फोटोवर "पाहणी करावी" एवढा शेरा येतो. टेपवरचा आकडा दिसला की वाद घालायला जागा उरत नाही.

सप्टेंबरमध्ये मी विभागप्रमुखांच्या सहीने प्रस्ताव दिला. सोबत नकाशा, उतारांचा तक्ता आणि कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 45 प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या होत्या. नियम जून 2017 मध्ये निघाले, मुदत जून 2022 मध्ये संपली. बांधकाम समितीत विषय एका बैठकीत मंजूर झाला. कुलगुरूंनी त्यावर "स्तुत्य उपक्रम" असं लिहिलं. मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं की दिवाळीनंतर काम सुरू होतंय.

फाइल मग लेखा विभागात गेली आणि साडेपाच महिने बाहेर आली नाही. आली म्हणते तेव्हा माझ्या टेबलावर नव्हे, दुसऱ्या विभागाच्या टेबलावर.

कामाचं नाव मी लिहिलं होतं: "मुख्य प्रवेशद्वार ते ग्रंथालय पादचारी मार्ग, रॅम्प व वृक्षारोपण". लेखा विभागाचा शेरा आला, "लेखाशीर्ष स्पष्ट करावे", म्हणजे खर्च अर्थसंकल्पातल्या कोणत्या सदरात टाकायचा ते सांगा. फाइल स्थावर विभागात गेली. त्यांनी लिहिलं, पादचारी मार्ग हे रस्ते दुरुस्तीत बसतं, रॅम्प इमारत दुरुस्तीत, वृक्षारोपणाबाबत उद्यान विभागाचे अभिप्राय घ्यावेत. उद्यान विभागाने लिहिलं, "सदर काम या विभागाशी संबंधित नाही." फाइल लेखा विभागात परत. तिथून पुन्हा तोच शेरा, खाली नवी तारीख. असे तीन फेरे झाले. मी दर सोमवारी तास संपवून लेखा विभागात जायचे. समोरचे साहेब नेहमी नम्रच असत. खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे. "मॅडम, अडवलेलं कुणी नाहीये, फक्त हेड क्लिअर होत नाही." पाचव्या सोमवारी मी चहाला नाही म्हणाले. फेब्रुवारी उजाडल्यावर "आता मार्चएंड, पुढच्या वर्षी बघू" असं सुरू झालं. मला रात्री झोपेत ते शेरे दिसायचे.

या काळात त्या मुलीने ग्रंथालयाची पायरी चढली नाही. शिपाईमामा पुस्तकं खाली आणून द्यायचे. त्यांच्या चांगुलपणाबद्दल मला बोलायचं नाही, पण कपाटासमोर उभं राहून, चाळून, नको ते परत ठेवून पुस्तक निवडणं म्हणजे ग्रंथालय. ते तिला मिळत नव्हतं.

शेवटी तिनेच माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. अठ्ठाविसाव्या दिवशी टिपणीच्या चौदा पानांच्या प्रती आल्या. त्या घेऊन मी आमच्याच विभागात पूर्वी असलेल्या, आता दुसऱ्या शाखेत बदलून गेलेल्या एका वरिष्ठ लिपिक बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, बोट कामाच्या नावावर ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही स्वल्पविराम दिलाय. जितके तुकडे पाडाल तितके विभाग. एकच काम आहे ना? मग एकच नाव द्या."

नवीन नाव झालं: "मुख्य प्रवेशद्वार ते ग्रंथालय सुगम्य मार्ग". झाडं, रॅम्प, फरशी सगळं आतल्या अंदाजपत्रकातल्या बाबी म्हणून. लेखाशीर्ष दिव्यांग सुविधा. हे शीर्ष अर्थसंकल्पात आधीपासून होतं आणि त्यातला पैसा खर्च झालेला नव्हता! फाइल नऊ दिवसांत सुटली. मला आनंद झालाच, पण त्याहून जास्त संताप आला. साडेपाच महिन्यांत तीन विभागांतल्या एकालाही हे वाक्य सांगता आलं नाही? चालणाऱ्या माणसाला गेटपासून दारापर्यंत एकच रस्ता दिसतो. मध्ये कुठेही दहा सेंटिमीटरची पायरी आली की उरलेल्या 339 मीटरला किंमत नाही. म्हणून सांगते, तुकड्यांत मागू नका. पूर्ण वाट मागा, एका नावाने मागा.

हो, आणि अर्ज देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. माझा पहिला अर्ज मी हातात देऊन आले होते, तो मिळालाच नाही.

तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश यांत पावसाळा गेला. ऑक्टोबर 2024 मध्ये आखणीचा चुना पडला तेव्हा कळलं की वाट सरळ यावी म्हणून दोन करंज आणि एक पर्जन्यवृक्ष जाणार आहेत. मी तिथेच उभी राहिले. महाराष्ट्रात शहरी भागातलं झाड 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. पण परवानगी मिळाली असती तरी मी विरोध केला असता. आमचा कॅम्पस मुरमाड पठारावर आहे. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता सावली नसेल तर 340 मीटर कोणी चालत नाही, सगळे गाड्या काढतात. वाट चालती राहते ती झाडांमुळे. वाट दोन ठिकाणी वळवली. अंतर सहा मीटरने वाढलं.

करंजांच्या बुंध्याला जुनं काँक्रीट गळ्यापर्यंत भिडलेलं होतं. माळीकाकांनी ते छिन्नीने फोडलं, यंत्र लावू दिलं नाही. खाली मुळं काँक्रीटच्या कडेने गोल फिरलेली, दोऱ्याच्या रिळासारखी. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीसाठी झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायचा आदेश दिला होता. तोच मीटर आम्ही करारात लिहून घेतला. ठेकेदाराला बुंध्यापर्यंत पेव्हर लावू देऊ नका. मुळं पेव्हर उचलतात, आणि मग दोष झाडाला येतो.

नव्या लागवडीत रॉयल पाम सुचवले होते. पामला सावली नसते. लॉनही नको म्हटलं, त्याला पाणी कुठून आणायचं? बहावा मला फार आवडतो, पण ऐन उन्हाळ्यात फुलतो तेव्हा त्याला पानं जवळपास नसतात. आम्ही करंज आणि कडुनिंब लावले, तेही वाटेच्या पश्चिमेला, कारण आमची वाट दक्षिणोत्तर आहे आणि दुपारचं ऊन पश्चिमेकडून येतं.

वाट 1.8 मीटर रुंद आहे. दुचाकी घुसू नयेत म्हणून सुरक्षा विभागाने सुरुवातीला नागमोडी फाटक बसवलं, त्यातून व्हीलचेअर जाईना. ते काढून खांब लावले, दोन खांबांत एक मीटर. चुकार दुचाकी अजून जाते. त्यासाठी पहारेकरी हवा, फाटक नको.

दृष्टिहीनांसाठीच्या पिवळ्या फरशीत उभ्या रेघा म्हणजे चालत राहा आणि ठिपके म्हणजे थांबा. ठेकेदाराकडे ठिपक्यांचाच साठा होता, त्याने सगळीकडे ठिपके लावले आणि पट्टी थेट विजेच्या खांबावर नेली. इतिहास विभागातला एक दृष्टिहीन विद्यार्थी काठी घेऊन चालला आणि वीस पावलांत म्हणाला, "मॅडम, ही फरशी सारखी थांब म्हणतेय." पुन्हा बसवून घेतली. मोजमाप पुस्तिकेवर, म्हणजे ठेकेदाराचं झालेलं काम नोंदवतात त्या वहीवर, सही होण्याआधी ज्यांच्यासाठी काम आहे त्यांना चालवून बघा. सही झाली की ठेकेदार फोन उचलत नाही. आणि बादलीभर पाणी ओता, ते कुठे साचतं ते दिसेल.

8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी प्रकरणात सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी असू शकत नाहीत, किमान निकष सक्तीचे हवेत, असं सांगितलं. आता अर्ज करणाऱ्यांनी तो निकाल जोडावा. माझ्या वेळी तो नव्हता.

जानेवारी 2025 मध्ये वाट पूर्ण झाली. रॅम्प मधल्या सपाट टप्प्यासह जवळपास नऊ मीटर, इंग्रजी एल अक्षरासारखा वळणारा, कठडे 76 आणि 90 सेंटिमीटर अशा दोन उंचींवर, जाळी बदलून आडवी. पहिल्या दिवशी ती विद्यार्थिनी एकटी गेली. मी मुद्दाम गेले नाही. दीड तासाने तिचा मेसेज आला, कपाटाच्या तिसऱ्या फळीचा फोटो आणि खाली "यातलं कोणतं आधी वाचू?"

तिला ती वाट जेमतेम चार महिने मिळाली. मेमध्ये परीक्षा झाली, ती विद्यापीठातून गेली. गुणपत्रिका घ्यायला आली तेव्हा परीक्षा विभागाच्या दारातला अकरा सेंटिमीटरचा उंबरा चढता येईना म्हणून कारकुनाने बाहेर येऊन सही घेतली.

तो उंबरा मी मोजला आहे, फोटोत टेप दिसतोय. प्रस्तावाचं नाव "ग्रंथालय ते परीक्षा विभाग सुगम्य मार्ग". गेल्या मंगळवारी आवक क्रमांक मिळाला.