‘वेव्हर्ली’नं केलेली निराशा

एडिंबरात गाडीतून उतरलात की ज्या स्टेशनवर पाय ठेवता, त्याचं नावच एका कादंबरीवरून पडलंय: वेव्हर्ली. बाहेर प्रिन्सेस स्ट्रीटवर तिच्या लेखकाचं, सर वॉल्टर स्कॉट यांचं, काळवंडलेल्या दगडाचं सुमारे ६१ मीटर उंच स्मारक. आमच्या वाचनगटात बहुतेक सगळे इथलेच. पण १८१४ सालची ही कादंबरी त्यांच्यापैकी एकानंही वाचलेली नव्हती! म्हणून या वेळी तीच घ्यायची ठरली.

आणि सगळ्यांचा हिरमोड झाला. सुरुवातीची प्रकरणं नायकाचं बालपण, काकांचं ग्रंथालय आणि घराण्याचं राजकारण यांतच जातात. पाचव्या प्रकरणात तर खुद्द स्कॉटच जुन्या राजकारणानं पिडल्याबद्दल वाचकांची माफी मागतो. ब्रॅडवर्डीनचा बॅरन दर दोन वाक्यांनी लॅटिन फेकतो, तिथे इथल्या लोकांनीही हात टेकले. एडवर्ड वेव्हर्ली हा इंग्रज लष्करी अधिकारी १७४५च्या जॅकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठीच्या बंडात, ओढला जातो, पण स्वतःहून ठामपणे फारसं काही ठरवतच नाही. ही तक्रार मलाही शंभर टक्के पटली. निम्म्या लोकांनी पुस्तक मध्येच सोडलं.

वाईट याचं वाटतं की ते कार्लाइल शहरातल्या खटल्यापर्यंत पोचलेच नाहीत. बंड फसलंय, फर्गस या हायलँडमधल्या (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या) सरदाराला देहान्ताची शिक्षा होणार हे उघड आहे. तेव्हा त्याचा माणूस एव्हन धू न्यायाधीशांना म्हणतो, सरदाराला सोडा. त्याच्या बदली मी आमच्यातले सहा उत्तम गडी घेऊन येतो, आधी मला लटकवा. कोर्टात हशा पिकतो. तो वळून सुनावतो: माझ्यासारख्या गरिबाच्या जिवाला सरदाराच्या जिवाचं मोल नाही म्हणून हसत असाल तर हसा, पण मी शब्द मोडीन, परत येणार नाही, असं वाटून हसत असाल तर तुम्हाला हायलँडरचं काळीज ठाऊक नाही. पावनखिंडीची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाच्या अंगावर इथे काटा येणारच.

पुढे फर्गसची बहीण फ्लोरा भावाचं कफन शिवत बसलेली दिसते आणि बंडासाठी त्याला आपणच भरीस घातलं, या विचारानं स्वतःला दोष देते. हे लिहिणाऱ्याला कंटाळवाणा ठरवून मोकळं होणं मला मान्य नाही.

गटानं पुढचं पुस्तक निवडलंय. त्याआधी निदान शेवटची प्रकरणं एकत्र बसून, मोठ्यानं वाचू या, असा आग्रह मी धरलाय. दोघीजणी तयार झाल्यात. बाकीच्यांच्या मागे लागलोय.