हॅशसेटमध्ये टाकूनही डुप्लिकेट का राहतात

परवा भाचीचा फोन आला, मावशी अगं हॅशसेट चालतच नाहीये, सगळे डुप्लिकेट तसेच राहतायत. हॅशसेट म्हणजे जावा भाषेतला असा साठा जो सारखी वस्तू दुसऱ्यांदा ठेवून घेत नाही. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जावा शिकतेय, आणि मिनी प्रोजेक्टसाठी तिने गावातल्या वाचनालयाची सभासद यादी घेतलीय, म्हणजे खरंखुरं काम. जुनी रजिस्टरं तिघांनी मिळून तीन एक्सेल शीटमध्ये टाइप केलेली, बरीच नावं दोनदा तीनदा आलेली, आणि ग्रंथपाल काकूंना हवी होती एकच यादी, प्रत्येक सभासद एकदाच. मला हे इतकं आवडलं की त्या संध्याकाळी मी स्क्रीन शेअर लावूनच बसले. जे झालं ते इथे लिहून ठेवतेय कारण नवीन शिकणारे बरेचजण नेमके ह्याच जागी अडकतात.

तीन शीट मिळून ६४३ ओळी. तिने सभासद नावाचा क्लास म्हणजे साचा केला, त्यात नाव, आडनाव, मोबाईल अशी फील्ड म्हणजे रकाने, मग त्या साच्यातून प्रत्येक ओळीचं एक ऑब्जेक्ट करून सगळी हॅशसेटमध्ये टाकली आणि साइझ छापली तर ६४३. एकही गळलं नाही.

तिचा प्रश्न बरोबर होता, स्ट्रिंग म्हणजे नुसता मजकूर टाकला की डुप्लिकेट जातात मग माझा सभासद टाकला की का नाही जात? कारण स्ट्रिंगच्या क्लासमध्ये इक्वल्स नावाची मेथड आधीच नीट लिहिलेली आहे, अक्षरं जुळली की दोन्ही एकच. आपल्या क्लासमध्ये आपण काही लिहिलं नाही तर ऑब्जेक्ट क्लासची इक्वल्स वारशाने येते, आणि ती एवढंच बघते की मेमरीतलं हेच ते ऑब्जेक्ट आहे का. न्यू हा शब्द वापरून ऑब्जेक्ट बनतं, दोन वेळा न्यू केलं की दोन ऑब्जेक्ट, आत नाव नंबर सगळं सेम असलं तरी वेगळीच.

मग तिने इक्वल्स लिहिली, मोबाईल नंबर जुळला की सभासद एकच. परत रन केलं, परत ६४३! इथे बरीच मुलं वैतागून सेट सोडतात आणि लिस्टमध्ये दोन लूप लावतात. मी तिला म्हटलं इक्वल्सच्या आत एक प्रिंट टाक आणि बघ किती वेळा छापलं जातं. एकदाही नाही छापलं. हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं ना, त्यानंतर पुढचं समजवायला मला दोन मिनिटं लागली.

तिला वाचनालयाचंच उदाहरण दिलं. एखादं पुस्तक आहे का बघायचं तर काकू पहिल्या कपाटापासून प्रत्येक पुस्तक उचलून बघत नाहीत, नंबरावरून थेट त्या कप्प्याकडे जातात आणि तिथली चार पुस्तकं चाळतात. हॅशकोड ही क्लासमधली दुसरी मेथड, ती देते तो कप्प्याकडे नेणारा नंबर, आणि इक्वल्स म्हणजे कप्प्यापाशी उभं राहून हेच ते पुस्तक का हे बघणं. हॅशसेटच्या आत खरं तर हॅशमॅप नावाची कप्प्यांची रचनाच असते, सुरुवातीला १६ कप्पे, पाऊणपट भरले की कप्पे दुप्पट होतात. तिने हॅशकोड लिहिलाच नव्हता म्हणून तोही ऑब्जेक्ट क्लासकडून आलेला, प्रत्येक ऑब्जेक्टला आपापला नंबर, आणि हॅशच जुळत नसेल तर जावा इक्वल्सला विचारायलाही जात नाही. म्हणून इक्वल्स लिहिली की हॅशकोड लिहायचाच, आणि दोन्हींत फील्ड तीच घ्यायची.

उलट मात्र चालतं बरं का, हॅशकोड सेम आणि वस्तू वेगळ्या असं होऊ शकतं. कॅपिटल ए आणि स्मॉल ए अशी दोन अक्षरी स्ट्रिंग घ्या आणि दुसरी दोन कॅपिटल बी ची, दोन्हींचा हॅशकोड २११२ येतो, कागदावर करून बघा, पहिल्या अक्षराचा कोड गुणिले ३१ अधिक दुसऱ्याचा कोड. तरी सेटमध्ये दोन्ही नीट राहतात कारण शेवटचा शब्द इक्वल्सचा.

आणि हो, इक्वल्सच्या कंसात ऑब्जेक्ट हाच टाइप लिहायचा, सभासद लिहिलं तर ती वेगळीच मेथड होते आणि सेट तिला कधी बोलावतच नाही. मेथडच्या वरती ॲट ओव्हरराइड, म्हणजे ही वारशाने आलेलीच मेथड बदलतोय अशी खूण, लिहायची सवय लावा, कोड तपासणारा कंपायलर चूक लगेच पकडतो. पायथॉनमध्ये इक्वल्स लिहून हॅश नाही लिहिला तर ऑब्जेक्ट सेटमध्ये टाकतानाच एरर येतो, मला ते जास्त बरं वाटतं, जावा गप्प राहतं आणि नवीन मुलं तासन्तास शोधत बसतात.

हॅशकोड लिहिल्यावर आकडा आला ४७१. भाची एकदम खूश. मी म्हटलं थांब, यादी वाच. वाचायला लागलो तर बायकांची नावं निम्मी गायब! आमच्या गावात अजूनही एका घरात रजिस्टरला एकच मोबाईल दिलेला असतो, बहुतेक नवऱ्याचा, त्यामुळे मोबाईल सेम म्हणून बायको, सून, मुलं सगळी डुप्लिकेट ठरून बाहेर गेली होती. मला त्या यादीकडे बघवेना. कोड अगदी बरोबर चालत होता, कंपायलरची काही तक्रार नाही, आणि वर्षानुवर्षं पुस्तकं नेणाऱ्या बायका एका ओळीने सभासद राहिल्या नाहीत. दोन माणसं एकच कधी म्हणायची हे ठरवणं आपल्याकडे असतं, सेट फक्त आपण सांगितलेलं पाळतो. आणि ते कोड लिहायच्या आधी काकूंना विचारायला हवं होतं. नुसत्या नावावरही जाता येत नाही, आमच्याकडे पाटील आडनावाचे संजयच किती निघतील.

मग नाव, आडनाव आणि मोबाईल तिन्ही जुळले तर एक असं केलं. ५४९. पण यादीत एक कुऱ्हाडे दोनदा दिसत होते, सगळं सेम, नंबरसुद्धा. हे मला सांगायलाच हवं कारण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये हे कुठून मिळणार. कुऱ्हाडे मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र दोन प्रकारे टाइप होतो. एका शीटमध्ये ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त, दुसऱ्या शीटमध्ये साधा र, हलन्त आणि त्याच्यामागे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब, पण जावासाठी वेगळ्या स्ट्रिंग, हॅशकोड वेगळा, सगळंच वेगळं. ॲ चंही तसंच, ते एक अक्षर म्हणूनही येतं आणि अ वर चंद्र देऊनही. युनिकोडचं जे नॉर्मलायझेशन आहे, जावात नॉर्मलायझर क्लास, ते ह्या दोन जोड्या एक करत नाही, मी मुद्दाम करून बघितलं. त्या आपल्याला हाताने रिप्लेस कराव्या लागतात. आम्ही हे सगळं कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमध्ये टाकलं, पुढचे मागचे स्पेस काढणंही तिथेच, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होतानाच स्वच्छ. आकडा ५३१.

मधे अजून एक झालं. एकाचा नंबर चुकीचा होता म्हणून तिने सेटमधल्याच ऑब्जेक्टवर सेटर (फील्ड बदलणारी मेथड) मारून तो बदलला, आणि मग काढून टाकायला गेली तर रिमूव्ह म्हणे फॉल्स, आत आहे का विचारलं तर कंटेन्स म्हणे फॉल्स, पण लूप फिरवला की तो माणूस तिथेच हजर. नंबर बदलला की हॅशकोड बदलतो, ऑब्जेक्ट मात्र जुन्याच कप्प्यात पडलेलं. सेटर काढून फील्ड फायनल, म्हणजे एकदा भरली की न बदलणारी केली, दुरुस्ती हवी तर जुनं काढायचं आणि नवीन बनवून टाकायचं. तिच्या लॅबमध्ये जावा ८ आहे, घरी तुमच्याकडे १६ किंवा पुढचं असेल तर क्लासऐवजी सरळ रेकॉर्ड हा तयार प्रकार वापरा, इक्वल्स हॅशकोड दोन्ही आपोआप मिळतात आणि फील्ड फायनलच असतात. काकूंना रजिस्टरचाच क्रम हवा होता म्हणून हॅशसेटच्या जागी टाकलेला क्रम जपणारा लिंक्डहॅशसेट घातला, बाकी काही बदलावं लागलं नाही.

यादी छापून काकूंकडे गेली, शिवाय ज्यांचं नाव सेम पण मोबाईल वेगळा अशांची वेगळी यादी, त्यांना काकू फोन लावून विचारणार. दुसऱ्या दिवशी भाचीचा मेसेज, काकू विचारतायत दत्तात्रयचं बालविभागाचं कार्ड कुठं गेलं. दत्तात्रय तर यादीत होता की. होते ते आजोबा. नातवाला आजोबांचंच नाव ठेवलेलं, आडनाव तेच, मोबाईल घरातला एकच, तिन्ही फील्ड जुळली आणि नातू गेला. सेटमध्ये टाकणारी ॲड मेथड अशा वेळी फॉल्स परत देते, आत आधीच आहे, घेतलं नाही. तो फॉल्स आम्ही कुठेच बघत नव्हतो, ते बघितलं असतं तर नाकारलेल्या ११२ ओळी एका कागदावर आल्या असत्या आणि काकूंनी तिथल्या तिथे बोट ठेवलं असतं.

तिन्ही शीटमध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असा रकाना होताच, आम्हीच तो घेतला नव्हता. काही ओळींत तो रिकामा होता, तो काकूंनी रजिस्टर बघून भाचीला सांगून भरून घेतला. क्लासमध्ये चौथं फील्ड आलं, इक्वल्समध्ये एक ओळ, हॅशकोडमध्ये एक, आणि ॲड फॉल्स आला की ती ओळ फाइलमध्ये लिहायची. रात्री साडेदहाला रन केलं. ५३२.