कनातीच्या मागच्या बाजूने

नाटक संपलं की मागच्या दाराशी जाऊन उभं राहायची मला जुनी खोड आहे. पुण्यात बालगंधर्वला प्रयोग असला की मी आधी तिकिटाची सोय बघते आणि मग घरी उशीर होईल असं कळवून टाकते. अर्धवट पुसलेला मेकअप, खांद्याला पिशवी, केसात अडकलेली एखादी पिन अशा अवस्थेत कलाकार बाहेर येतात. पाच-सहा सेल्फी, 'थँक्यू हं', आणि गाडीचं दार लागतं. तक्रार नाही. त्यांना रात्रीत दुसऱ्या गावी पोचायचं असतं, आणि आपण तरी काय बोलतो? 'फार छान झालं' यापुढे माझी गाडी कधी गेलेली नाही.

(जाता जाता: ज्यांच्या नावाचं हे नाट्यगृह, ते नारायणराव राजहंस लहानपणी शिकायला जळगावात नातेवाइकांकडे होते. गाण्याचे धडे त्यांनी तिथे मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले. पुणेकरांना हे सांगितलं की ते 'असं होय' म्हणतात आणि विषय बदलतात. माझं आजोळ खानदेशातलं, म्हणून मी सांगत राहते.)

तर, आजोळ. धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा. २०२४ची दत्तजयंती १४ डिसेंबरला, शनिवारी आली, आणि जवळच्या सारंगखेड्याची दत्ताची, घोडेबाजारासाठी नावाजलेली यात्रा बघायची माझी कित्येक वर्षांची इच्छा त्या शनिवार-रविवारला बरोबर बसली. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघाले, पहाटे धुळ्याला उतरले, तिथून एसटी. दोंडाईचा जवळ आलं की खिडकी बंद असली तरी कळतं. शेतांत पथाऱ्या घातलेल्या असतात, लाल मिरचीच्या, आणि अख्खी एसटी एकामागून एक शिंकायला लागते.

मामींना मी चहाच्या वेळीच सांगून टाकलं की यात्रेत मला तमाशा बघायचाय, आणि जमलं तर आधी कलाकारांना भेटायचंय. मामींनी बशी खाली ठेवली.

"तठे बाईमाणूस जास का कधी?"

माझी आई ह्याच घरात वाढली. दरवर्षी यात्रेला जायची, बांगड्या भरायची, पाळण्यात बसायची, आणि रात्री तिथेच मुक्काम पडला की अंथरुणात पडून लांबून येणारी ढोलकी ऐकायची. आवाज सगळा पाठ, बघितलं काहीच नाही. हे मी मामींना सांगितलं नाही, कारण मामींचंही तेच होतं. शेवटी मामा माझ्याबरोबर येईल असं ठरलं. मामाचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याला कनातीच्या पुढून जायला हरकत नव्हती, मागून जायला होती.

रविवारी दुपारी आम्ही तापीचा पूल ओलांडून सारंगखेड्यात शिरलो. एकमुखी दत्ताचं दर्शन रांगेत उभं राहून घेतलं. घोडेबाजाराबद्दल इतक्या जणांनी लिहिलंय की मी फार लिहीत नाही. एवढंच सांगते, मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं एकमेकांना टेकतात हे फोटोत कळतं, पण ते कान माशी बसली की कात्रीसारखे उघडतात आणि मिटतात, ते जवळ उभं राहूनच बघावं. मामा एका काठेवाडी घोडीपाशी वीस मिनिटं रेंगाळला. त्याला घोडी घ्यायची नव्हती, फक्त संध्याकाळ लांबवायची होती.

तमाशाचे तंबू बाजाराच्या पल्याड. तंबूच्या पुढे रंगीत दिवे, फडाच्या नावाची कमान, तिकिटाची खिडकी. मागे कनातीचं कापड, दोर, खुंट्या, दोन ट्रक, जनरेटर आणि वाळत घातलेल्या नऊवारी. नाटकाच्या मागच्या दाराला निदान दार तरी असतं. इथे कनातीचा एक पदर उचलला की झालं. मी उचलला आणि खुंटीच्या दोराला अडखळून सरळ आत जाऊन पडले. प्रवेश म्हणावा तो असा.

फडाचे मॅनेजर खाटेवर बसून वहीत काहीतरी मांडत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "पेपरवाल्या का?"

"नाही. नाटकं बघते. कलाकारांना भेटायला आवडतं. खेळ झाल्यावर येऊ का?"

"झाल्यावर नको. झाल्यावर माणसं झोपेला भेटतात. आत्ता भेटा."

तिकडे गॅसच्या शेगडीवर मोठ्या पातेल्यात शेवभाजी रटरटत होती, आणि दोघीजणी शेजारी भाकरी थापत होत्या. मी विचारलं, "गौळणीतल्या मावशी कुठे भेटतील?" एकीने पिठाच्या हाताने ट्रककडे बोट दाखवलं. ट्रकच्या आरशात बघून एक पन्नाशीचे गृहस्थ दाढी करत होते. बनियन, लुंगी, गळ्यात तुळशीची माळ. मी इकडेतिकडे बघितलं, तर ते आरशातच म्हणाले, "मीच मावशी. जरा थांबा ताई, उलटा हात मारून घेतो."

तमाशातली मावशी पुरुषच करतो हे मी वाचलं होतं. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, आणि सगळ्या गवळणींची म्होरकी म्हणून भांडायला ही मावशी पुढे. वाचलेलं एक आणि साबणाचा फेस कानाला लागलेली मावशी समोर दिसणं एक. ते दाढी दोनदा करतात, एकदा सुलट, एकदा उलट, कारण पावडरीखाली हिरवट सावली राहिली तर पहिल्या रांगेतली पोरं ओरडतात. मग गालावर तुरटी फिरवली. "तीस वर्षं मावशी करतोय. गावाकडं नातवंडं पण मावशीच म्हणतात," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

तेवढ्यात मागून एकजण चहाचे ग्लास घेऊन आला. अंगात राजाचा जरीचा अंगरखा, त्यावर शाळेच्या पोरांचा असतो तसला निळा स्वेटर. हा सोंगाड्या. फड पुण्याकडचा, पण खानदेशात हंगाम धरायचा तर सोंगाड्या इकडचाच हवा असं मॅनेजर म्हणाले होते. इथलं पब्लिक अहिराणीत टोमणा आल्याशिवाय टाळी देत नाही म्हणे. सोंगाड्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खानदेशात सगळ्यात आधी जो विचारतात तो प्रश्न विचारला.

"कोनी पोर शे व तू?"

मी आईचं माहेर सांगितलं, मामाचं आडनाव सांगितलं.

"मंग दोंडाईचानी भाची! म्हंजे आमनीच पोर. बठ व माय, बठ. मामा कथा शे?"

मामा कनातीच्या बाहेर, ट्रकच्या चाकाआड उभा होता. त्यालाही ग्लास पोचवला गेला. तो आत आला नाही, चहा मात्र प्यायला.

मी कलाकारांना भेटायला गेले होते आणि मुलाखत माझीच झाली. नोकरी काय, पगार वेळेवर होतो का, लग्न केलं का, नाही तर का नाही, पुण्यात भाडं किती. पुण्यातल्या मागच्या दाराशी मी कायम मागणारी असते, एक फोटो द्या, एक सही द्या. इथे बसायला ट्रंक पुसून दिली होती, समोर भाकरी ठेवली होती, आणि शेवभाजी तिखट लागतेय का असं तिघांनी वेगवेगळं विचारलं होतं. लागत होती. मी नाही म्हटलं, आणि नाकातून पाणी आल्याने खोटं पडले.

माझ्या शेजारी एक ताई चाळ बांधायला बसल्या. हे मी आधी कधी जवळून बघितलं नव्हतं. आधी जुन्या सुती साडीची पट्टी घोट्यापासून वर घट्ट गुंडाळायची, कातडं घासू नये म्हणून. त्यावर चामड्याचा पट्टा, त्याला ओळीने शिवलेली घुंगरं, आणि पट्ट्याच्या दोऱ्या पोटरीला फेऱ्या घालून मागे गाठ. गाठ मागेच, पुढे आली तर गिरकीत पाय पायात अडकतो. एक घुंगरू निसटलं होतं, ते त्यांनी दाभणाने शिवून घेतलं, दोरा दाताने तोडला आणि चाळ माझ्या हातात दिला. एका हाताने उचलायला गेले आणि दुसरा लावावा लागला. असे दोन, आणि रात्रभर.

"दुखत नाही?"

"काढल्यावर दुखतं. बांधलेले असले की काही नाही."

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचा विषय निघाला, तो मीच काढला. नऊ महिन्यांच्या पोटाने नाचता नाचता त्या कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, ही गोष्ट मराठी माणसाला तमाशाबद्दल दुसरं काही माहीत नसलं तरी माहीत असते. ताईंनी मान हलवली. "सगळे येतात ते हेच बोलतात. बाईचा गळा कसला होता ते कोण इच्यारत नाही." मी गप्प बसले. मीही त्याच सगळ्यांतली.

मग हंगामाचं बोलणं निघालं. दसऱ्याला फड घराबाहेर पडतो तो थेट वैशाखापर्यंत. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तिथे येऊन यात्रेची सुपारी देतात. सुपारीचा खेळ असला की पैसे गावाचे, तंबूचा खेळ असला की आपलं नशीब. कलाकार हंगामाआधी उचल घेतात, ती वर्षभर फिटते किंवा फिटत नाही. २०२० आणि २०२१ची यात्रांची वेळ टाळेबंदीत बुडाली तेव्हा उचलीवर उचल चढली. मावशींनी त्या काळात भाजीची हातगाडी लावली. "गिऱ्हाईक लई यायचं, मी गौळणीतला आवाज काढून ओरडायचो ना," ते म्हणाले. आता त्यांच्या डोक्यावर गंगावन चढलं होतं, कासोटा घातला गेला होता, आणि बसायची ढबसुद्धा बदलली होती.

निघताना ताईंनी माझी शाल चिमटीत धरून बघितली. मरून रंगाची, आईची.

"ही देता का आजच्यापुरती? वगात पाटलीण आहे मी. आमची शाल धुतलेली वाळलीच नाही थंडीत."

मी दिली. (वग म्हणजे तमाशाच्या शेवटी होणारं नाटक.) डिसेंबरातली सारंगखेड्याची रात्र, शेजारी तापी, आणि मी स्वेटरवर.

खेळ दहाला सुरू झाला. बायका आम्ही मोजून सात-आठ, एका कोपऱ्यात. गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं स्तवन, झाला, गौळण झाली. दाढीची सावली कुठेही दिसली नाही, आणि मावशीने कृष्णाला असा काही ठसका दिला की माझ्या पुढचा म्हातारा खुर्चीवरून अर्धा उठला. मधला बराच वेळ सिनेमाच्या गाण्यांत गेला. खरं सांगायचं तर तो मला कंटाळवाणा वाटला, ढोलकीवाल्याने हात आखडून बसायचं आणि कीबोर्डने धुमाकूळ घालायचा हे काही मला पटत नाही. पण शिट्ट्या त्याच वेळी जास्त होत्या, आणि तिकीट शिट्टीवाल्यांनीच काढलेलं असतं.

बतावणी मात्र अशी रंगली की विचारू नका. बतावणी म्हणजे विनोदी संवाद, त्यात ठरलेलं थोडं आणि सुचलेलं फार. निळा स्वेटर काढून आलेला सोंगाड्या सरदाराला सांगत होता की आज तंबूत एक भाची आलीय, आणि तिचा मामा पण आलाय, पण गावात कळू नये म्हणून कानटोपी नाकापर्यंत ओढून बसलाय. मग त्याने कपाळावर हात धरून अंधारात शोधल्यासारखं केलं.

"ओ मामा! तोंड काब्रं झाकी लिधं?"

हजारभर माणसं हसली, आणि त्यांतली निम्मी मागे वळून मामाला शोधायला लागली. मामाने टोपी आणखी खाली ओढली. पाच मिनिटांनी बघते तर तो उठून पुढे गेलेला, आणि माइकवर पुकारा झाला, "दोंडाईचाच्या भाचीकडून पन्नास रुपये, फड आभारी आहे!" परत आला तेव्हा टोपी खिशात होती.

वगापर्यंत दोन वाजले. पाटील, सावकार, कोर्टकचेरी, आणि पाटलीणबाई माझ्या आईची शाल पांघरून. त्या शालीचा पदर त्यांनी काय काय केला! सावकाराशी बोलताना तोंडावर, नवऱ्यापुढे मुठीत, पोराच्या अंगावर पांघरूण, आणि शेवटी कोर्टात पसरून न्यायाधीशापुढे झोळी. आमच्या घरी ती शाल वीस वर्षं नुसती कपाटात होती.

चारला संपलं. मी शाल घ्यायला मागे गेले. मॅनेजर म्हणाले होते तसंच होतं सगळं. मावशी गंगावन उशाला घेऊन गाढ झोपलेले, सोंगाड्या खाटेखाली पाय पोटाशी घेऊन. ताई जाग्या होत्या, उलट्या बादलीवर बसून गरम पाण्यात पाय सोडून. घोट्यांवर पट्टीचे वळ उमटले होते. त्यांनी शाल घडी करून मांडीवर ठेवली होती, ती मला दिली.

"फार छान झालं," मी म्हणाले. दुसरं सुचलं नाही इथेही.

"थंडी वाजली का हो तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

घरी पोचलो तेव्हा उजाडलं होतं. मामी ओट्यावर चूल पेटवून पाणी तापवत होत्या. त्यांनी माझ्या अंगावरची शाल बघितली. तिला पावडरीचा पांढरा डाग लागला होता आणि वासही येत होता, पावडरीचा, घामाचा, जनरेटरच्या डिझेलचा. काही न बोलता त्यांनी ती काढून घेतली आणि बादलीत भिजत घातली. मामा न थांबता आत जाऊन झोपला.

मी चहा घेत बसले. मामी दोन-तीनदा शाल खळबळवून पिळायला लागल्या, अर्धी पिळून थांबल्या, आणि दाराकडे बघून हळूच म्हणाल्या,

"मंग, मरनी का ती पाटलीण?"