ओमेगा शाखेतले बंधू

अमेरिकन महाविद्यालयांतल्या फ्रॅटर्निटी (सभासद एकमेकांना बंधू मानतात अशा विद्यार्थी संघटना) म्हणजे नवागतांचा छळ आणि रात्रभर चालणाऱ्या पार्ट्या, अशी समजूत आपल्याकडे चित्रपटांमुळे रूढ झाली आहे. ती निराधार नाही. असल्या छळात मुलांचे जीवही गेले आहेत. परंतु आमच्या शेजारच्या वयोवृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थांच्या अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी मी जे पाहिले, ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे असे मला मनापासून वाटते.

ते अल्फा फाय अल्फा या संघटनेचे सभासद होते. न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे कॉर्नेल विद्यापीठात ४ डिसेंबर १९०६ रोजी सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी तिची स्थापना केली. त्याआधी एका वर्षी तेथे शिकणारे सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढच्या वर्षी परतलेच नव्हते, आणि मागे राहिलेल्यांनी एकमेकांना धरून राहिल्याशिवाय आपलाही निभाव लागणार नाही, हे या मुलांनी ओळखले होते. जी संघटना माणसे गळाल्याच्या चिंतेतून जन्मली, तिने मृत्यूनंतरही आपल्या माणसाचे नाव पटावरून न पुसणे मला अगदी स्वाभाविक वाटते.

तिच्या शाखांना ग्रीक मुळाक्षरांची नावे असतात. कॉर्नेलची शाखा अल्फा, हॉवर्ड विद्यापीठाची बीटा. ओमेगा हे शेवटचे अक्षर मात्र कोणत्याही महाविद्यालयाला दिलेले नाही. ती दिवंगतांची शाखा. सभासद वारला की तो ओमेगा शाखेत दाखल झाला, असे म्हणतात.

त्या संध्याकाळी काळे सूट आणि पांढरे हातमोजे घातलेले सभासद शवपेटीभोवती उभे राहिले. त्यांत विशीतले विद्यार्थी होते, तसेच काठी टेकत आलेले ऐंशीच्या पुढचे आजोबाही होते, कारण हे सभासदत्व पदवीबरोबर संपत नाही, आयुष्यभर टिकते. एकाने दिवंगताचे संपूर्ण नाव, त्यांनी दीक्षा घेतली ती शाखा आणि ते साल खणखणीत आवाजात वाचले. मग सर्वांनी हातात हात गुंफून संघटनेचे गीत म्हटले. त्यातल्या एका आजोबांचा हात इतका थरथरत होता की शेजारच्या मुलाने गीत संपल्यानंतरही तो सोडला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्यापैकी दोघे शेजारणीच्या घरी येऊन विम्याची आणि पेन्शनची कागदपत्रे मार्गी लावून गेले. शोकसभेत भाषण करणे सोपे असते. असल्या कामाची किंमत ज्याच्या घरात मृत्यू झाला आहे त्यालाच कळते.

या निष्ठेचे सर्वांत मोठे उदाहरण सगळ्या जगासमोर आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९५२ मध्ये बॉस्टनमध्ये शिकत असताना याच संघटनेची दीक्षा घेतली होती. १९६८ मध्ये त्यांची हत्या झाली. राजधानीत त्यांचे स्मारक व्हावे, हा प्रस्ताव १९८४ मध्ये या बंधूंनी मांडला, १९९६ मध्ये अमेरिकन संसदेने त्याला मान्यता दिली, त्यानंतर निधी गोळा झाला आणि २०११ मध्ये ते खुले झाले. एका दिवंगत बंधूसाठी इतकी वर्षे पाठपुरावा करणाऱ्यांविषयी मला नितांत आदर वाटतो. वॉशिंग्टनला येणारे आपले बहुतेक लोक लिंकन स्मारक पाहून परत फिरतात. तेथून थोडे चालत टायडल बेसिनच्या काठी गेले, की हे स्मारक लागते.