पाच एप्रिलच्या आधी

पीपीएफ म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात वर्षाची रक्कम एकदम भरायची असेल तर ती ५ एप्रिलपर्यंत भरावी, हे डिचोलीच्या पोस्टातील एका कर्मचाऱ्याने मला सांगितले, तेव्हा माझे खाते उघडून सहा वर्षे झाली होती. या खात्यावरील व्याज प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेनंतर महिनाअखेरीपर्यंत जी किमान शिल्लक असते तिच्यावर मोजले जाते. मी मात्र कर वाचवण्याच्या घाईत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैसे भरत असे आणि त्या रकमेवर त्या वर्षाचे काहीच व्याज मिळत नसे. एप्रिल २०२० पासून चालत आलेल्या ७.१ टक्के दराने दीड लाख रुपयांचे वर्षाचे व्याज १०,६५० रुपये होते. ते मिळवण्यासाठी ना जास्तीचे पैसे लागतात, ना धोका पत्करावा लागतो. तारीख तेवढी पाळावी लागते.

त्याच काळात मी पणजीला जाता-येता बसमध्ये आणि कार्यालयातील जेवणाच्या सुट्टीत मिळून रोज सुमारे चाळीस मिनिटे शेअरचे भाव पाहत असे. शेअर बाजार वर्षाला साधारण २५० दिवस चालतो, म्हणजे हे जवळजवळ १६५ तास झाले. शेअरमधील माझी गुंतवणूक दीड लाखाची होती. एवढे लक्ष घालून मी इतरांपेक्षा दोन टक्के जास्त मिळवले असते असे धरले, तरी ती कमाई ३,००० रुपये, म्हणजे तासाला १८ रुपये होते. प्रत्यक्षात तेवढेही मिळाले नाही. एखाद्या गुंतवणुकीकडे किती लक्ष द्यावे लागते हासुद्धा तिच्या किमतीचाच भाग आहे, असे मी तेव्हापासून मानतो. फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या, म्हणजे पुढच्या भावांवर केल्या जाणाऱ्या सौद्यांच्या, वाटेला तर मी जात नाही, कारण शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत तेथे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला होता.

मात्र काही तास असे असतात की ते दिलेच पाहिजेत. जानेवारी २०१३ पासून म्युच्युअल फंडाच्या योजना मध्यस्थाच्या कमिशनशिवाय, ‘डायरेक्ट’ प्रकारात घेता येतात. समजा, दरमहा ५,००० रुपये वीस वर्षे भरले आणि वर्षाला १२ टक्के परतावा मिळाला, तर सुमारे ५० लाख रुपये जमतात. खर्चापोटी हा वार्षिक परतावा १२ ऐवजी ११ टक्के झाला, तर सुमारे ४३ लाख ७० हजार. परतावा किती मिळेल हे कोणाच्याही हाती नाही, पण खर्च किती द्यायचा हे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते, आणि तो तपासायला एक संध्याकाळ पुरते.

अशी एक संध्याकाळ माझ्या मामांना मिळाली असती तर, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. मामा खाणीवर पर्यवेक्षक होते. त्यांनी भविष्य निर्वाह निधीतील पैसे काढून खाणीतील माल वाहायला एक ट्रक घेतला आणि दोन वर्षांनी बँकेचे कर्ज काढून दुसरा. त्यांना कोणी लोभी म्हणू नये. गाड्या कधी रिकाम्या उभ्या राहत नव्हत्या, हप्ते वेळेवर जात होते आणि आमच्या भागातील कितीतरी घरांनी हेच केले होते. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये गोवा सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले, तेव्हा त्यांचा पगार आणि गाड्यांचे भाडे एकाच महिन्यात बंद पडले. ‘गाडी उभी राहिली तरी हप्ता उभा राहत नाही रे,’ असे ते एकदा म्हणाले होते. खाणी पुन्हा सुरू झाल्या, पण मार्च २०१८ मध्ये त्या दुसऱ्यांदा बंद पडल्या, तोपर्यंत दुसरी गाडी विकून झाली होती. चूल ज्या खाणीवर पेटते तिच्यावरच बचतही लावली, तर संकटाच्या दिवशी घराला आधार कशाचा राहील, हा प्रश्न घरात कोणी विचारलाच नव्हता. मीही नाही.

तोच प्रश्न मला पुढे स्वतःसाठी विचारावा लागला. मी एका हॉटेलच्या हिशेब विभागात काम करतो. कर्ज काढून कळंगुटच्या बाजूला एक फ्लॅट घ्यावा आणि तो पर्यटकांना भाड्याने द्यावा, असे २०१९ मध्ये मला अनेकांनी सुचवले होते. भाड्याचे आकडे खोटे नव्हते. पण माझा पगारही पर्यटकांवरच अवलंबून होता, म्हणून मी माझी बचत मुदत ठेवींमध्ये, दोन बँकांत विभागून ठेवले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुढचे काही महिने आम्हाला अर्ध्या पगारावर काढावे लागले, तेव्हा घर त्याच ठेवींवर चालले.

शेअरचे भाव पाहण्यात जाणारी ती चाळीस मिनिटे आता मी बसमध्ये वाचनाला देतो. गेल्या चवथीनंतरच्या रविवारी मामांकडे बसून आम्ही त्यांची सगळी खाती एका वहीत उतरवली. दोन ठेवींवर नॉमिनी म्हणून अजून आजीचेच नाव होते, आणि तिला जाऊन अकरा वर्षे झाली आहेत. ते नाव बदलण्याचे अर्ज सोमवारी भरून दिले.