रिकामं मिनिट

सकाळी सहाला चहाचा कप घेऊन कोथरूडच्या आमच्या गॅलरीत उभं राहायचं, ही माझी जुनी खोड. परवा कपाबरोबर पेन्सिलही होती. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे दर मिनिटाला जाणाऱ्या गाड्यांच्या रेघा ओढत बसले. अर्ध्या तासात साठ. म्हणजे मिनिटाला सरासरी दोन.

पण दोन-दोनच्या जोडीने शिस्तीत जातील तर त्या गाड्या कसल्या! पाच मिनिटं रस्ता अगदी सुना. सात मिनिटांत एकेकटीच. आणि एका मिनिटात चक्क सात, वरात निघाल्यासारख्या. काहीतरी कारण असणार, असं वाटलं.

तर कारण काहीच नाही. प्वासाँ नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये, तेही कोर्टाच्या निकालांवर लिहिताना, एक सूत्र मांडलं. (प्वासाँ म्हणजे फ्रेंचमध्ये मासा!) त्याला फक्त सरासरी सांगायची. 'दोन' म्हटल्यावर ते म्हणतं, तीसपैकी चारेक मिनिटं रिकामी जातील, आठेक मिनिटांत एकच गाडी येईल. माझ्या रेघांशी बऱ्यापैकी जुळलं की! १८९८ मध्ये बोर्टकेविच नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने हेच सूत्र प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांना लावलं होतं. घोड्यांवरून मग ते पुढे गाड्यांवरही आलं.

यातली एक गोष्ट मात्र पचायला जड गेली. रस्त्याला मागचं काही आठवत नाही. 'इतका वेळ एकही आली नाही, म्हणजे आता येणारच' ही माझी कायमची धास्ती अगदी बिनबुडाची. शुकशुकाट दहा सेकंदांचा असो की दहा मिनिटांचा, पुढच्या क्षणी गाडी येण्याची शक्यता तेवढीच.

अर्थात हे सकाळचं झालं. नऊ वाजले की चौकातला सिग्नल गाड्या अडवून धरतो आणि हिरवा झाला की घोळकाच सोडतो. पुढची थबकली की मागचीला थबकावंच लागतं. गाड्या एकमेकींशी संबंध न ठेवता येतात, हा सूत्राचा पायाच तिथे निखळतो.

सासूबाईंना कागद दाखवला. म्हणाल्या, "मग कोथिंबीर आणायला कितव्या मिनिटाला जाऊ?"

"तेवढंच नाही सांगता येत, आई."

त्यांनी पिशवी घेतली. मी वरून बघत होते. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, हात वर केला आणि सरळ चालू लागल्या. टेम्पो थांबला. त्याच्यामागची रिक्षाही थांबली.