शेवटचा नंबर

सुईने नशा करणारी माणसे जिथे जुन्या सुया देऊन नव्या घ्यायला येतात, तिथेच आमची व्हॅन उभी राहते आणि तिथेच आम्ही हिपॅटायटिस सीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या विषाणूजन्य आजाराची, तपासणी करतो. बाहेरच्यांना वाटते की बोटाचे रक्त कार्डावर टाकले, दुसरी रेघ उमटली की निदान झाले. प्रत्यक्षात ती रेघ एवढेच सांगते, की या शरीराची विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांच्या आत औषधाविना निघून जातो, कार्डाला दिसणारी अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने, मात्र बहुधा जन्मभर राहतात. विषाणू आज रक्तात आहे की नाही, हे कळण्यासाठी त्याचा आरएनए, म्हणजे विषाणूचे स्वतःचे जनुकीय द्रव्य, शोधावा लागतो.

पूर्वी त्यासाठी शिरेतून रक्त घेऊन ते प्रयोगशाळेत पाठवावे लागे. ज्यांच्या दंडाच्या शिरा वर्षानुवर्षे टोचून कडक झाल्या आहेत, त्यांची शीर शोधताना त्यांचाही अपमान होतो आणि आपलाही. शीर सापडलीच, तरी अहवाल येईपर्यंत माणूस पुन्हा भेटेल याची खात्री नसते. आता बोटातले १०० मायक्रोलिटर रक्त कार्ट्रिजमध्ये, म्हणजे आरएनए तपासणीच्या एकदाच वापरायच्या डबीत, घालून यंत्रात ठेवले, की साधारण तासाभरात निकाल मिळतो. हे रक्त नीट काढणे हीच आमची कारागिरी. हात कोमट करून खाली सोडायला सांगायचे, मधल्या बोटाच्या किंवा अनामिकेच्या कडेला लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायचे छोटे पाते, टोचायचे, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि बोट दाबून पिळायचे नाही, कारण पिळल्याने पेशी फुटतात आणि ऊतींतले पाणी रक्तात मिसळते. सुजलेल्या, घट्टे पडलेल्या बोटातून एवढे रक्त न पिळता मिळवायला धीर लागतो, आणि हे काम दोन तासांच्या प्रशिक्षणात शिकवून होते असे मानणाऱ्यांनी ते एकदा स्वतः करून पाहावे. यंत्र चार खणांचे असेल तर तासाला जास्तीत जास्त चार निकाल मिळतात. तपासणीचा विस्तार केल्याचे जाहीर करताना मात्र केवळ किती कार्डे वाटली ते मोजले जाते.

ज्या माणसामुळे हे लिहीत आहे तो पन्नाशीचा असावा. सुया घेऊन तो निघाला होता. तपासणीचे विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, ‘‘मला नको ताई, मला तो आहेच.’’ पुष्कळ वर्षांपूर्वी एका शिबिरात त्याचे कार्ड पॉझिटिव्ह आले होते. तेव्हा उपचार म्हणून इंटरफेरॉन या औषधाची इंजेक्शने होती. ती विषाणूच्या प्रकारानुसार ४८ आठवड्यांपर्यंत चालत, सोबत ताप आणि नैराश्य येई आणि जगात सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात जेमतेम निम्मे रुग्ण बरे होत. आधी नशा सोडा, मग पाहू, असे सांगून त्याला परत पाठवले गेले. आरएनएची तपासणी कोणी केलीच नाही. आज बहुतेकांसाठी ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्या आहेत, त्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात आणि त्यासाठी नशा सुटण्याची वाट पाहावी लागत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. आमचा पीअर कार्यकर्ता, म्हणजे नशेचा स्वतः अनुभव घेतलेला सहकारी, त्याच्याशेजारी बसून राहिला म्हणूनच तो तासभर थांबला. या कामात पदवीधरांपेक्षा या कार्यकर्त्यांचा उपयोग जास्त होतो आणि त्यांचे मानधन सर्वांत कमी असते.

निकाल आला: विषाणू आढळला नाही. मी सांगितले तेव्हा तो हसला नाही, रडला नाही. त्याने फक्त यंत्राच्या पडद्यावर ते पुन्हा दाखवायला सांगितले. मग म्हणाला, ‘‘म्हणजे मी उगाचच शेवटी बसत होतो?’’ सोबत्यांमध्ये एकच सुई फिरायची वेळ आली, की आपल्यामुळे कोणाला लागण होऊ नये म्हणून तो स्वतःहून शेवटचा नंबर घेत असे. शेवटचा नंबर हाच सर्वांत धोक्याचा, कारण आधीच्या प्रत्येकाचे रक्त त्या सुईतून त्याच्यापर्यंत पोहोचते. प्रयोगशाळेतल्या प्रयोगांत हा विषाणू सिरिंजमध्ये ६३ दिवसांपर्यंत जिवंत राहिलेला आढळला आहे. त्याला पुन्हा लागण झालीच नाही, की होऊन आपोआप गेली, हे आता कोणतीही तपासणी सांगू शकणार नाही. एका अर्धवट निदानाने या माणसाला इतरांची काळजी घ्यायला लावले आणि तेवढ्यासाठीच सर्वाधिक धोक्यात बसवले, हे माझ्या मनातून जात नाही.

‘‘मग आता कितवा बसू?’’ हा त्याचा पुढचा प्रश्न होता, आणि तो त्याने गंभीरपणे विचारला होता. नंबरच लावायचा नाही, सुईइतकेच नशेचे द्रव्य विरघळवायचा चमचा, गाळायचा कापूस आणि पाणीही प्रत्येकाचे वेगळे हवे, एकदा विषाणू गेला म्हणून पुढे संरक्षण मिळत नाही आणि या रोगावर लसही नाही, हे सांगून मी त्याच्या पिशवीत जास्तीच्या सुया आणि बाकीचे साहित्य भरले. अँटिबॉडी कार्ड करू नये, थेट आरएनए तपासावा, असे एका कागदावर लिहून दिले, कारण कुठल्याही शिबिरात त्याचे कार्ड पॉझिटिव्हच येणार आणि त्याला पुन्हा तेच ऐकवले जाणार.

आमच्या मासिक अहवालात मात्र अशा माणसाला जागा नाही. तिथे ‘कार्ड पॉझिटिव्ह’ आणि ‘उपचार सुरू’ एवढे दोनच रकाने असल्यामुळे तो आमचे अपयश म्हणून मोजला गेला. शेऱ्यात मी सविस्तर लिहिले, पण शेरे कोणी बेरजेत धरत नाही. त्याहून विचित्र नियम कार्ट्रिजचा आहे: नवे कार्ड पॉझिटिव्ह आल्याची नोंद झाल्याशिवाय कार्ट्रिज वापरायला मंजुरी नाही. धोका चालू असलेल्यांची दर ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा तपासणी व्हावी, अशी शिफारस आहे, म्हणून तो ठरल्याप्रमाणे परत आला आणि माझाच कागद त्याने माझ्यापुढे धरला. तरीही मला आधी त्याचे बोट कार्डासाठी टोचावे लागले. रेघ उमटेपर्यंत तो कार्डाकडे बघत होता. ‘‘ही तर येणारच होती ना, ताई?’’ असे त्याने विचारले. मी हो म्हटले, रेघेची नोंद केली आणि कार्ट्रिजसाठी दुसरे बोट टोचले. नियम बदलावा म्हणून पाठवलेल्या पत्राला अजून उत्तर आलेले नाही.